झोपेला रकाना नाही

"उशी मागितली तर मला म्हणते, येणाऱ्या दिवसांबद्दल तुम्हाला किती आशा वाटते, एक ते दहामध्ये सांगा. मी म्हटलं, बाई, आधी उशी तर दे!"

पत्र्याच्या पडदीपलीकडे कुणीतरी कपडे पिळत होतं. पाण्याची धार फरशीवर पडत होती आणि मधूनमधून थांबत होती.

"मग काय सांगितलंस?"

"सात. सात सांगितलं की लवकर सोडतात. कमी सांगितलं तर त्या दोन खुर्च्यांच्या खोलीत नेऊन बसवतात आणि मान वाकडी करून विचारतात, बोलावंसं वाटतंय का. आणि दहा सांगितलं तर म्हणतात, नक्की ना? त्यापेक्षा सात बरं."

"माझ्या जावेनं पण सातच सांगितलं होतं," दुसरी म्हणाली, आणि दोघी हसल्या. दवाखान्याच्या आसपास माणसं हसतात तसं, अर्ध्यावर थांबून.

पडदीच्या अलीकडे ती आपला चहाचा कप विसळत होती. कप कधीच स्वच्छ झाला होता, पण नळ बंद केला असता तर आपण इथे आहोत हे पलीकडे कळलं असतं, म्हणून ती विसळतच राहिली. तो प्रश्न तिनेच लिहिलेला होता. लिहिताना तिला तो बरा वाटला होता, थोडासा हळवा, मोजता येण्याजोगा. मग त्याच्या उत्तरांची एक निळी चढती रेघ तिने अहवालात काढून घेतली होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं की येथे येणाऱ्या कुटुंबांमध्ये आशेचे प्रमाण लक्षणीय असल्याचे आढळून आले. त्या रेघेवर दोन फाउंडेशनं खूश झाली होती. एकाने ती आपल्या भिंतीवरसुद्धा लावली होती म्हणे. आणि रेघ कशाची होती, तर बायकांना लवकर सुटायचं होतं त्याची. तिला राग यायला हवा होता किंवा लाज तरी वाटायला हवी होती. प्रत्यक्षात तिच्या मनात आलं ते एवढंच, की चला, निदान उशी मिळाली असेल. आणि त्यापाठोपाठ, हात पुसता पुसता, एक जुनी दमणूक तिच्या खांद्यांवर येऊन बसली, ओळखीच्या माणसासारखी, न विचारता.

त्या जागेला सगळे नुसतं 'घर' म्हणत. मोठ्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या फाटकासमोरची ही तीन मजली इमारत मावशींच्या नवऱ्याची. ज्यांचं माणूस आत भरती आहे आणि ज्यांना गावात दुसरं कुणी नाही अशांनी इथे यावं, आंघोळ करावी, चार घास शिजवावेत आणि झोपावं, एवढ्यासाठी मावशींनी ती उघडली, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मावशी कुणाच्याच मावशी नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्या झाल्या. आणि ती, जिला इथे सगळे ताई म्हणत, ती या घरासाठी पैसे आणायची. पूर्वी या कामाला नाव नव्हतं. मग तिच्या दारावर 'निधी संकलन' अशी पाटी आली, पुढे 'संसाधन विकास'. तिची सासू हयात होती तोवर शेजारणींना सरळ सांगे, "आमची सून मागायला जाते. पण इस्त्रीची साडी नेसून." तेव्हा ती चिडायची. आता तिला वाटायचं की आपल्या कामाचं इतकं नेमकं वर्णन पुन्हा कुणाला जमलं नाही, तिला स्वतःलाही नाही, आणि ती तर वर्णनांवरच जगत होती.

आज दुपारी नव्या फाउंडेशनची बाई यायची होती. बाई कसली, मुलगीच. फोनवर फार गोड बोलली होती. "ताई, आमच्याकडे अर्ज नसतो. नमुना नाही, तक्ते नाहीत. आम्ही येतो, बसतो, ऐकतो. पैशाला अट नाही. तुम्हाला काय हवं ते तुम्ही सांगायचं." हे ऐकून ताई खुर्चीत ताठ झाली होती, आणि फोन ठेवल्यावर तिला बारीकशी भीती वाटली होती. सकाळी हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो एक मोजा घालून दुसरा शोधत होता. "अट नाही म्हणजे अट एवढी मोठी असणार की ती कागदावर मावत नाही," तो म्हणाला. "तुझं काय जातंय? माग आणि मोकळी हो." ती म्हणाली, "काय मागू?" तर तो पलंगाखालून मोजा ओढत म्हणाला, "हे मला विचारतेस? मला साधा मोजा मिळत नाही." तिला हसू आलं, आणि हसता हसताच डोक्यात वाक्य तयार झालं: लाभार्थ्यास मूलभूत साधनांची उपलब्धता नाही. हे असं व्हायचं. वर्षानुवर्षांच्या सवयीने तिच्या डोक्यात एक छोटा कारकून बसला होता. समोर जे काही घडेल ते तो अर्जाच्या भाषेत उतरवून घ्यायचा. स्वतःची लेक फोनवर रडली की 'कौटुंबिक संवादात वाढ', दूध उतू गेलं की 'जोखीम व्यवस्थापनाचा अभाव'. त्याला हाकलावं असं तिला पूर्वी वाटे. मग तिच्या लक्षात आलं, की तो गेला तर आपल्याकडे बोलायला कोणती भाषा उरणार आहे?

ती जिना चढू लागली. तिला हा जिना पायांनी पाठ होता. पण आज प्रत्येक मजल्यावर ती उगाच थांबली, आणि प्रत्येक दारात तिला ते दार कुठल्या साली कोणाला दिलं ते दिसू लागलं. पहिल्या मजल्यावर डावीकडे पूर्वी बायका झोपायच्या. मग सगळीकडे सक्षमीकरण आलं. तोवर देणगीदार कसे साधे होते. घोंगड्या द्यायचे, पाटी लावायला सांगायचे, पाटीत वडिलांचं नाव चुकलं की भांडायचे आणि पुन्हा घोंगड्या द्यायचे. पण फाउंडेशनं आली, आणि फाउंडेशनातल्या सुशिक्षित मुलांनी विचारलं की हे लोक दिवसभर नुसते बसूनच असतात ना, मग या वेळेचा उपयोग का होऊ नये? तिला ते पटलंच होतं, हे तिला नाकारता येत नव्हतं. खाटा उचलून तिथे शिवणयंत्रं आली. ज्यांचा मुलगा समोर दवाखान्यात ऑक्सिजनवर होता त्या बायकांनी उशांचे अभ्रे शिवले, वाकडेतिकडे. त्याचे फोटो फार सुंदर आले. पुढच्या खेपेला त्याच फाउंडेशनचं पत्र आलं की आमचा प्राधान्यक्रम बदलला आहे, आपल्या कार्यास शुभेच्छा. ही पत्रं सगळी एकाच हाताने लिहिल्यासारखी असतात. शुभेच्छा आल्या की समजावं, पैसे गेले. मग समोरची खोली संगणकांना गेली, कारण ती दोन-तीन वर्षं जगात सगळ्यांचंच संगणकांवाचून अडत होतं असं नाही, पण पैसे तेवढ्यालाच मिळत होते. दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मनाच्या आरोग्याला गेली. दोन खुर्च्या, एक कुंडी, कागदी रुमालांचं खोकं. गच्ची तेवढी राहिली होती. उन्हाळ्यात पुरुषमाणसं तिथे सतरंज्या टाकून ओळीने पडायची, एकमेकांच्या पेशंटची चौकशी करत करत झोपी जायची. मग पर्यावरण आलं. गच्चीवर सौरविजेची काळी चकचकीत तावदानं बसली, विजेचं बिल निम्म्यावर आलं, आणि पुरुषमाणसं समोरच्या फुटपाथवर गेली.

कुणी काही बोललं नाही, हे तिला आता नवल वाटत होतं. मावशी बोलल्या नाहीत, हिशेबनीस बोलला नाही, राखणदार बोलला नाही. त्या दिवशी सतरंज्या खाली आणून धुतल्या गेल्या, वाळवल्या गेल्या, घडी घालून माळ्यावर ठेवल्या गेल्या, आणि सगळ्यांनी मिळून त्या नव्या विजेवर चहा केला. चांगला झाला होता चहा.

आता तळमजल्यावरची एक मोठी खोली तेवढी उरली होती. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मध्ये कापडी पडदा. आणि तिच्या टेबलावर जो मसुदा पडला होता, नव्या मुलीसाठी गेल्या आठवड्यात जागून लिहिलेला, अर्ज मागितला नसतानाही तिला पाठवलेला, त्यात तिने ती खोलीही देऊन टाकली होती. हल्ली कुणी एका घराला पैसे देत नाही. हल्ली म्हणतात, एक घर करून काय होणार, शंभर घरं कशी होतील ते सांगा. थोड्या जणांना देतात, पण भरपूर देतात, आणि ज्यांना देतात त्यांनी इतरांना शिकवावं अशी इच्छा धरतात. म्हणून तिने लिहिलं होतं की या अनुभवाचं एक शिक्षण केंद्र व्हावं, ठिकठिकाणच्या संस्थांनी इथे यावं, आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा कसा चालवावा हे शिकून जावं. त्याला मोठी जागा लागणार. मोठी जागा एकच होती. निवारा कसा चालवावा हे शिकवण्यासाठी निवाऱ्याच्या उरल्या खाटा काढायच्या. लिहिताना तिला यात काही विचित्र वाटलं नव्हतं. वाक्य छान जमलं होतं. चार मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड, दवाखान्याला लागून. आज जिन्यात उभं राहून तिला ते वाक्य आठवलं आणि तिने कठडा धरला. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ताईंना चक्कर आली. चक्कर नव्हती. फक्त त्या चार खिडक्यांपैकी भिंतीकडची खिडकी तिला दिसली, तिच्याखाली एक मुलगी झोपलेली, आणि ती मुलगी ती स्वतः होती.

तिचा धाकटा भाऊ तेव्हा समोर भरती होता. ती तीन की चार रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होती. बसून झोपलेलं माणूस झोपलेलं नसतं, नुसतं विझलेलं असतं. त्या दिवसांत ती त्याच्यावर सारखी खेकसायची. पाणी मागितलं तरी, न मागितलं तरी. तो आजारी होता आणि तिला त्याचा राग येत होता, आणि राग येतो म्हणून आणखी राग येत होता. कुणीतरी सांगितलं, समोर जा. दारात मावशी होत्या, तेव्हा केस काळे होते त्यांचे, पदर खोचलेला. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पेशंटला काय झालंय तेही विचारलं नाही. तिच्या हातात चादर कोंबली आणि म्हणाल्या, "ती खिडकीखालची घे, तिथे वारा येतो. चप्पल उशाशी ठेव. उठवायचं कधी?" ती म्हणाली, उजाडलं की. आणि मग काहीच नाही. इतकं काहीच नाही, की पुढे आयुष्यात कितीतरी गोष्टी झाल्या, लग्न, बाळंतपण, स्वतःचं घर, पण त्या झोपेची सर कशाला आली नाही. जागी झाली तेव्हा तिला आपले हातपाय पुन्हा आपले वाटले. ती समोर गेली. भाऊ म्हणाला, दाढी टोचतेय गं. तिने कुठून तरी साबण आणि वस्तरा आणला, त्याचं तोंड टॉवेलात धरलं आणि त्याची दाढी केली, गालांच्या खळग्यांतून, गळ्याच्या शिरेवरून, हळूहळू. तो डोळे मिटून होता आणि म्हणाला, "न्हाव्यापेक्षा बरी आहेस. पैसे नंतर देतो." दोघं हसली. दोन दिवसांनी तो गेला. जायचाच होता.

ती घरात राहिली ती तेव्हापासून. आधी चादरी धुवायला, मग पत्रं लिहायला, कारण तिचं अक्षर बरं होतं, मग वाचून वाचून, चुकून चुकून, हे सगळं. एकदा एका फाउंडेशनने यशोगाथा मागितली होती, तेव्हा तिने हे लिहायला घेतलं होतं. लाभार्थी: एक तरुणी. गरज: झोप. परिणाम: आणि इथे तिचं पेन थांबलं. परिणाम काय? रुग्ण दगावला. उत्पन्न वाढलं नाही, कौशल्य आलं नाही, आशा मोजली नव्हती. एका माणसाची दाढी नीट झाली. तिने तो कागद फाडला आणि शिवणयंत्रावरच्या एका बाईची गोष्ट लिहून पाठवली, जिने नंतर कधी सुईत दोरा ओवला असेल असं तिला वाटत नव्हतं. झोपेला रकाना नव्हता, म्हणून हळूहळू झोपेला खोलीही राहिली नाही. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. दुष्ट माणूस यात एकही नव्हता. असता तर किती सोपं झालं असतं.

"ताई, आली ती," हिशेबनीस जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाला. तो सज्जन, शिडशिडीत, आणि कशालाही आधी 'पावती आहे का' विचारणारा, म्हणून सगळे त्याला पावतीभाऊच म्हणत. आज त्याने नवा शर्ट घातला होता. "गल्लीच्या बाजूने आणलं तिला. सावली असते ना तिकडून."

फाउंडेशनचं कुणी आलं की त्याला तिकडूनच आणत. समोरून आणलं तर फुटपाथ लागला असता. तिने मान हलवली. "मावशी?"

"बसल्यात. पाठ करतायत."

मुलगी मावशींसमोर खुर्चीच्या कडेवर बसली होती. दमलेली दिसत होती, डोळ्यांखाली काळं. ती म्हणाली की आज हे तिसरं ठिकाण. मग चहा झाला, पावतीभाऊने वीजबचतीचं सांगितलं, संगणकांचं सांगितलं, आजवर किती हजार लोकांपर्यंत 'पोहोच' झाली ते सांगितलं. मुलगी ऐकत होती, टिपून काहीच घेत नव्हती. त्याने पावतीभाऊ बावरला, कारण टिपून घेणारं माणूस त्याला कळायचं.

"मसुदा वाचला मी, ताई," मुलगी म्हणाली. "इतका चांगला मसुदा आमच्याकडे कुणी पाठवत नाही. म्हणजे, पाठवू नका म्हणतो ना आम्ही." ती थोडं हसली. "एक सांगू का? हे बिनअटीचं आमच्याकडे किती दिवस टिकेल, मला माहीत नाही. सध्याच्या विश्वस्तांना पटलंय. उद्या दुसरे येतील, त्यांना दुसरं काही पटेल. तेव्हा माझंही हे काम असेल की नाही कोण जाणे. म्हणून म्हणते, आत्ता आहे तोवर खरं काय ते सांगा मला."

खरं काय ते. तिला या मुलीची एकदम माया आली, आणि त्याच क्षणी डोक्यातला कारकून म्हणाला, सावध. हीही एक नवीन टूमच. काल परिणाम मागत होते, आज खरं मागतायत. खरं दिल्यावर पुढचं पत्र कोणतं येतं हे तू पाहिलं नाहीस का? शुभेच्छा. पावतीभाऊच्या मुलाचं कॉलेज आहे. राखणदाराला दुसरीकडे कोण ठेवणार? तुझं वय काय, तुझ्यापाशी शिक्षणाचा कागद कोणता? आणि मावशी. घराला कुलूप लागलं तर मावशी आठवडाभर काढतील का? मावशींसाठीच तर केलं हे सगळं, एकेक खोली देऊन घर वाचवलं. ती असंच धरून चालली होती. आता मावशींकडे पाहताना तिला पहिल्यांदाच शंका आली, की मावशींनीही मान डोलवली ती आपल्यासाठी तर नसेल? पोरगी एवढी धडपडते, तिचा हिरमोड नको, म्हणून?

मुलगी मावशींकडे वळली. "मावशी, समजा पैशाची काळजी नाही. उद्या सकाळी उठल्या उठल्या तुम्ही या घरात पहिलं काय कराल?"

मावशींनी हात गुडघ्यांवर ठेवले. त्या खिडकीकडे बघत होत्या, आणि क्षणभर त्यांचा चेहरा अगदी मोकळा झाला, जणू उत्तर तिथे खालीच कुठेतरी होतं. मग त्यांना आठवलं. त्या नीट बसल्या.

"मॉडेल," मावशी म्हणाल्या. तो शब्द त्यांच्या तोंडात नव्या कवळीसारखा हलत होता. "आपलं जे आहे ते मॉडेल… त्याचा… विस्तार व्हावा." आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बरोबर आलं ना, अशा नजरेने. ऐंशीच्या घरातली बाई, शाळेतल्या पोरीसारखी.

"अगदी बरोबर," पावतीभाऊ घाईने म्हणाला. "मोठी खोली आहेच खाली. उजेड भरपूर."

"तिथे आता काय आहे?" मुलीने विचारलं.

पावतीभाऊने कप उचलला. कप रिकामा होता, तरी तो प्याला. मावशी आपल्या बोटांकडे बघू लागल्या. खालून, वॉर्डाच्या बाजूने, कुणाला तरी मोठमोठ्याने हाका मारल्याचा आवाज आला आणि थांबला.

"तिथे सध्या बहुउद्देशीय…" तिने सुरुवात केली. आवाज तिचा होता, वाक्य कारकुनाचं होतं, आणि पुढचे शब्द तयार उभे होते. नेहमीसारखे, ओळीने, स्वच्छ कपडे घालून. ती थांबली. तिला वाटलं आपण रडू, पण रडू नव्हतं. फक्त हे वाक्य आता पुढे ओढायचं त्राण नव्हतं.

"तिथे खाटा आहेत," ती म्हणाली. "उरलेल्या."

"ताई," पावतीभाऊ म्हणाला.

"थांबा हो पावतीभाऊ." ती मुलीकडे वळली. "वरच्या सगळ्या खोल्यांत पण होत्या. गच्चीवर माणसं झोपायची. तुमच्यासारखं कुणी आलं, त्याला जे हवं होतं ते मी लिहून दिलं, आणि लिहिलं ते खरं ठरावं म्हणून खाटा हलवल्या. मावशींनी नाही, मी. शिक्षण केंद्र कुणाला नकोय इथे. मावशींना तो शब्द मी शिकवला. तुम्हाला आम्ही गल्लीतून आणलं, कारण समोरून आणलं असतं तर रस्त्यावर पडलेली माणसं दिसली असती. ती आमचीच आहेत. इथे येतात, आंघोळ करतात, आम्ही सांगू तिथे सही करतात आणि पुन्हा बाहेर जाऊन पडतात."

मावशींनी मान वर केली.

"एवढं मोठं घर आहे हे," ती म्हणाली, "आणि या घरात झोपायला जागा नाही."